जुनी स्पोर्ट्स कार विकायची आहे? आधी हे वाचा

"माझ्या गाडीचे किती येतील?" आमच्या गॅरेजात हा प्रश्न कार्ब्युरेटरच्या तक्रारींपेक्षाही जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा फोनवर येतो. फोनवर त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून हे माहितीपत्रक.

एक गोष्ट आधीच सांगतो. आम्ही गाड्या विकत घेत नाही आणि दलालीही करत नाही. तपासणी आणि दुरुस्ती एवढंच आमचं काम. त्यामुळे तुमच्या गाडीचा भाव चढला किंवा पडला तरी आमच्या गल्ल्यात फरक पडत नाही. उदाहरणासाठी आम्ही एमजी कंपनीची एमजीबी घेतली आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली ही उघडी दोन सीटांची गाडी. तिच्या बहुतेक गोष्टी ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली वगैरे जुन्या ब्रिटिश गाड्यांनाही लागू पडतात.

खर्चाची बेरीज म्हणजे भाव नव्हे

ग्राहक फाइल घेऊन येतात. रंगाचं बिल, सीटचं बिल, इंग्लंडहून मागवलेल्या क्रोमचं बिल, वर कस्टम ड्यूटी. सगळ्याची बेरीज करून खाली रेघ मारलेली असते आणि तोच भाव म्हणून धरलेला असतो. हौसेला मोल नसतं हे खरं, पण ते तुमच्या हौसेला. समोरचा माणूस स्वतःच्या हौसेसाठी पैसे मोजतो, तुमच्या नाही. तुम्ही निवडलेला लाल रंग त्याला उतरवून पुन्हा हिरवा करायचा असेल, तर तुमचं रंगाचं बिल त्याच्या लेखी उलट खर्चच आहे.

बिलं मात्र जपून ठेवा. पैसे वसूल करायला नव्हे, तर काम कधी आणि कोणी केलं हे दाखवायला.

इंटरनेटवर पाहिलेला इंग्लंडमधला भाव पौंडातून रुपयांत करून इकडे लावू नका. तिकडे एमजीबी गल्लोगल्ली मिळते, पार्ट दुसऱ्या दिवशी घरपोच येतात. इकडे गाड्या मोजक्या आणि त्यांना घेणारेही मोजकेच. दोन बाजारांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. इथल्या जाहिरातींतल्या आकड्यांवरही जाऊ नका, ते मागण्याचे आकडे असतात. एखादी गाडी आठ महिने त्याच भावात जाहिरातीत दिसत असेल, तर तो भाव चुकला आहे एवढंच त्यातून कळतं.

आमची पद्धत साधी आहे. तुमच्यासारखीच एखादी गाडी गेल्या वर्ष-दोन वर्षांत प्रत्यक्षात कितीला गेली, हे क्लबातल्या चार लोकांना विचारा. मुंबईच्या विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थांच्या रॅलीत जाऊन उभं राहिलं, तर अर्ध्या दिवसात बरंच कानावर पडतं. मग त्या गाडीच्या तुलनेत तुमच्या गाडीत जे कमी आहे, त्याच्या दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या आणि तो वजा करा. समजा तशीच गाडी १८ लाखांना गेली आणि तुमच्या गाडीचे सिल (दारांखालचे पत्रे), ब्रेक आणि टप (कापडी छप्पर) यांना मिळून साडेतीन लाख लागणार असतील, तर बोलणी साडेचौदाच्या आसपास सुरू होतील. हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून दिले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हे.

मग तीन आकडे कागदावर लिहा: जाहिरातीतला, आनंदाने द्याल तो, आणि ज्याच्या खाली काही झालं तरी द्यायची नाही तो. कागद पाकिटात ठेवा. घासाघीस रंगात आली की तिसरा आकडा हमखास विसरायला होतो.

इंजिन कोणतं आहे?

आपल्याकडच्या जुन्या एमजींचं एक खास दुखणं आहे. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन आणि आपल्या अॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन ही एकाच कुळातली भावंडं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजची. पूर्वी इंग्लंडचे पार्ट मिळायचे नाहीत आणि अॅम्बेसेडरचे कोपऱ्यावर मिळायचे. मग इंजिन थकलं की मेकॅनिक अॅम्बेसेडरचं बसवून द्यायचा आणि गाडी चालती राहायची. त्या काळात ते शहाणपणच होतं. अशा गाड्या आमच्याकडे अजूनही येतात, आणि मालकाला पत्ता नसतो, कारण वडिलांच्या काळात कधीतरी हे झालेलं असतं.

म्हणून जाहिरात देण्याआधी बॉनेट उघडा, टॉर्च घ्या आणि तीन ठिकाणचे आकडे कागदावर उतरवून घ्या: इंजिनवरच्या पट्टीवरचा नंबर, गाडीवरच्या प्लेटचा चेसिस नंबर आणि आरसीवरचे दोन्ही. एमजीबी रोडस्टरचा चेसिस नंबर जीएचएनने सुरू होतो, छप्पर असलेल्या जीटीचा जीएचडीने. इंजिनचा नंबर १८ने सुरू होतो. त्यापुढे जी किंवा जीए असेल, तर क्रँकला तीन बेअरिंगं असलेलं सुरुवातीचं इंजिन. जीबीपासून पुढे पाच बेअरिंगं. व्ही असेल तर सत्तरच्या दशकातलं.

आरसीवरचा आणि गाडीवरचा नंबर जुळत नसेल, तर व्यवहार तिथेच अडतो. आधी आरटीओत इंजिन बदलल्याची नोंद करून घ्या आणि मगच जाहिरात द्या. नंबर घासून नवा ठोकून देणारे महाभाग आहेत. तो गुन्हा आहे, आणि आम्ही असल्या गाडीला हातही लावत नाही.

कारखान्यातून गाडी कशी बाहेर पडली, हे शोधायचीही सोय आहे. इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. चेसिस नंबर दिला आणि शुल्क भरलं की ते हेरिटेज सर्टिफिकेट पाठवतात. त्यात गाडी बनल्याची तारीख, मूळ रंग, मूळ इंजिन नंबर आणि गाडी कुठे पाठवली होती ते येतं. रंगाला एक लाख घालवण्यापेक्षा हा कागद कितीतरी स्वस्त पडतो आणि गिऱ्हाईक तोच आधी मागतो.

पत्रा

एमजीबीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच चेसिस आहे. दारांखालचे सिल कुजले की गाडीचा कणाच गेला. खेळण्यातलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळा आणि सिलवरून सावकाश फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग टप खाली घेऊन दार उघडा आणि आत बसा. दार लावताना घासत असेल किंवा मागची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसत असेल, तर गाडी मधोमध वाकायला लागली आहे. मुंबई-कोकणात राहिलेल्या गाडीला खारी हवा लागलेली असते; तशीच गाडी सोलापूरला राहिलेली असेल तर पत्रा वेगळाच निघतो. गाडी आयुष्यभर कुठे राहिली हे जाहिरातीत लिहा. फायद्याचं असेल तर नक्कीच लिहा, तोट्याचं असेल तरी लिहा, कारण चुंबक दुसऱ्याकडेही असतं.

बाकीचं थोडक्यात. गाडी गरम झाल्यावर रस्त्यावर ऑइल प्रेशर ५० पीएसआयच्या आसपास दिसलं तर इंजिन ठीक. तारांची चाकं असतील तर चाक जमिनीवरून उचलून ब्रेक दाबून हलवा. खट्ट आवाज आला तर हबवरचे दाते झिजलेत. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. हे गिऱ्हाइकाला आठवणीने सांगा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात तो आधुनिक म्युझिक सिस्टिम लावेल आणि धूर निघाला की फोन तुम्हाला येईल. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं; जुने रबरी पाइप ते सोसत नाहीत. पाइप बदलायला फार खर्च नाही, ते विकण्याआधी बदलाच. पेट्रोलचा वास येणाऱ्या गाडीत कोणी दुसऱ्यांदा बसत नाही.

गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म कोणाकडे असेल, तर तिची गोष्ट वेगळी. बॉडी फायबरची, त्यामुळे चुंबकाचा उपयोग शून्य. इंजिन रेनोचं, १.२ लिटरचं. तिथे फायबरला गेलेले तडे आणि खालची लोखंडी चौकट पाहायची.

पन्नास वर्षांची रेघ

हा भाग नीट वाचा, यात भाव बराच हलतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा ही अट आहे. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं.

पण विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, धंद्यालाही नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं, एवढंच. म्हणजे दर रविवारी पानशेतला जाऊन भजी खाणाऱ्या गिऱ्हाइकाला व्हीए नंबर नको असतो. संग्रह करणाऱ्याला हवा असतो. साधी नोंदणी जिवंत असेल आणि गाडी पन्नाशीला आली असेल, तर आमचं मत असं की निर्णय गाडी घेणाऱ्यावर सोडा. "विंटेज नोंदणीला पात्र" एवढं जाहिरातीत लिहा. विंटेज नोंदणी आधीच झालेली असेल, तर विक्रीनंतर ९० दिवसांत दोघांनीही आपापल्या राज्याच्या परिवहन प्राधिकरणाला कळवायचं असतं.

गाडी नक्की कोणाच्या नावावर आहे?

हसू नका. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी कितीतरी अजून आजोबांच्या नावावर आहेत आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झाली आहेत. अशी गाडी थेट विकता येत नाही. आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करायची, बाकीच्या वारसांची संमती जोडायची, मग विकायची. या संमतीत वेळ जातो. एक आत्या न्यू जर्सीत असते, एक काका बोलत नाहीत. जाहिरात द्यायच्या सहा महिने आधी हे सुरू करा.

पिवळट पडलेलं जुनं आरसी बुक असेल, तर त्याची नोंद आरटीओच्या संगणकात आहे का तेही पाहा. नसेल तर बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, तिच्याशिवाय नावबदल अडतो. काळ्या पाटीवरचा पांढरा जुना नंबर फोटोत सुंदर दिसतो. तो काढून गिऱ्हाइकाला भेट द्या.

विक्रीला फॉर्म २९ आणि ३०; दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल तर २८ ची एनओसी. आणि कृपया, नुसत्या स्टँप पेपरवर सह्या करून गाडी देऊ नका. आमच्या एका जुन्या ग्राहकाने तसंच केलं. घेणारा ओळखीतला, "करून घेतो काका" म्हणाला. चार वर्षांनी अपघाताच्या दाव्याची नोटीस काकांच्या दारात. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी देताना तारीख आणि वेळ टाकून पोचपावती घ्या, आणि नावबदल झाल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. विम्याचा नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीबरोबर जात नाही. तो विमा कंपनीकडे मागून घ्या.

गिऱ्हाईक

पितृपक्षात जाहिरात देऊन निराश होऊ नका. दसऱ्यानंतर फोन वाढतात आणि थंडीत रॅल्या सुरू झाल्या की खरे घेणारे दिसतात. फोटो सकाळच्या उन्हात, गाडीखालचेही काढा. जिथे गंज आहे तिथलाही एक टाका. त्याने फोन कमी येतील, पण जे येतील ते गाडी बघायला येतील.

बघायला कोणी येणार असेल तर इंजिन आधी गरम करून ठेवू नका. जाणकार माणूस आल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवतो. चक्कर मारायला देताना लायसन्सचा फोटो घ्या, शेजारी स्वतः बसा. "मी आर्मीत आहे, गाडी न बघताच घेतो, हा क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी कधीच स्कॅन करावं लागत नाही.

इसार घ्या, इसारपावतीवर मुदत लिहा. उरलेली रक्कम बँकेतून, खात्यात दिसल्यावरच किल्ली. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याच्या फंदात पडू नका, आयकराचा दंड तेवढाच बसतो. स्वतःच्या वापरातली गाडी विकणाऱ्या साध्या माणसाला जीएसटी लागत नाही. तो नोंदणीकृत व्यापाऱ्यांसाठी आहे.

विक्रीआधीच्या तपासणीला अर्धा दिवस लागतो. कॉम्प्रेशन, पत्रा, नंबर आणि दुरुस्तीचा लेखी अंदाज, सगळं एका कागदावर मिळतं. तो गिऱ्हाइकाला दाखवायचा की नाही हे तुम्ही ठरवा. आदल्या दिवशी फोन करून या, सोमवारी बंद असतो. आणि गाडी धुऊन आणू नका. तेल कुठून गळतंय ते आम्हाला बघायचं असतं.