पेन ड्राइव्ह दिसतो, पण उघडत नाही: लिनक्सवरील 'माउंट'ची पार्श्वभूमी

अप्पा बळवंत चौकातल्या एका छपाईच्या दुकानातून परत आणलेली माझी पोर्टेबल हार्ड डिस्क मागे एकदा घरच्या लिनक्सवर उघडेना. दुकानदाराने 'इजेक्ट' न करताच ती विंडोजमधून ओढून काढली होती, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. तरीही दिवा लागतो, फाइल मॅनेजरमध्ये नाव दिसते आणि टिचकी मारली की नकार येतो, याचा उलगडा होण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

लिनक्स ज्याच्या धर्तीवर उभे राहिले त्या जुन्या युनिक्समध्ये विंडोजसारखे 'सी' आणि 'डी' असे वेगळे ड्राइव्ह कधीच नव्हते. फाइलींचा एकच वृक्ष असे आणि नवी डिस्क त्यातल्या एखाद्या डिरेक्टरीवर चढवली जाई. हेच माउंट करणे. एका यंत्रावर अनेकजण काम करीत आणि परक्या डिस्कवरून एखादा प्रोग्राम रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार घेऊन आत शिरू शके, म्हणून हे काम प्रशासकाकडेच राहिले. १९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्सने ही शिस्त तशीच उचलली. फ्लॉपी वाचायची तर आधी रूट व्हा, माउंट करा आणि काढण्यापूर्वी अनमाउंट करा, नाहीतर मेमरीत थांबलेला मजकूर फ्लॉपीवर उतरतच नसे. माउंट केलेल्या सीडीचा ट्रे तर बटण दाबूनही बाहेर येत नसे. सामान्य वापरकर्त्याला परवानगी देण्यासाठी कोणती डिस्क कुठे चढवायची याची यादी असलेल्या एफएसटॅब या फाइलीत 'यूजर' (कोणीही माउंट करू शकेल) आणि 'नोऑटो' (आपोआप माउंट करू नये) असे शब्द लिहून ठेवत. तशा जुन्या ओळी आजही अडचण करतात: यूएसबी डिस्कची नोंद तिथे 'नोऑटो' किंवा 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) न लिहिता राहिली आणि डिस्क लावलेली नसली, तर यंत्र सुरू करणारी सिस्टिमडी तिची साधारण ९० सेकंद वाट पाहते आणि मग यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, जाते.

२००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलबरोबर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) युडेव्ह हा प्रोग्राम रुळू लागला. डिस्क लावताच तिची डिव्हाइस फाइल, म्हणजे प्रोग्राम जिच्यामार्फत डिस्कशी बोलतात ती फाइल, आपोआप तयार होऊ लागली. २००४ मध्ये रॉबर्ट लव्ह यांनी 'प्रोजेक्ट युटोपिया' मांडला आणि युडेव्ह, जोडलेल्या उपकरणांची माहिती देणारे हॅल व प्रोग्रामांमध्ये निरोप पोहोचवणारी डी-बस यांच्या जोरावर डेस्कटॉपने पेन ड्राइव्ह स्वतःहून उघडावा, ही कल्पना प्रत्यक्षात आली. हॅल पुढे अवजड होऊन बाजूला पडले आणि त्याचे काम युडिस्क्सकडे गेले. माउंट करू द्यायचे की नाही हे आता परवानग्या तपासणारे पोलकिट ठरवते. म्हणूनच समोर बसलेल्या माणसाला पासवर्ड न विचारता डिस्क मिळते, तर एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून नेटवर्कमार्फत, आलेल्या त्याच माणसाला सहसा तो विचारला जातो.

शोधही याच थरांनी, खालून वर, घ्यावा. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, डिस्क उमटत नसेल तर दोष वायरीचा, पोर्टचा किंवा डिस्कचाच असण्याची शक्यता मोठी. तिथे ती उमटली, पण 'एलएसबीएलके -एफ' या आज्ञेला तिची फाइल प्रणाली ओळखता आली नाही, तर विभाजन बिघडलेले असू शकते. दोन्ही ठीक असतील तर 'युडिस्क्ससीटीएल माउंट' ही आज्ञा टर्मिनलमध्ये द्यावी, कारण फाइल मॅनेजर जे एका ओळीत गुंडाळतो ते कारण इथे पुष्कळदा स्पष्ट कळते.

माझ्या डिस्कच्या बाबतीत डीमेसेजची शेवटची ओळ होती: 'व्हॉल्यूम इज डर्टी अँड फोर्स फ्लॅग इज नॉट सेट', म्हणजे डिस्क नीट बंद झालेली नाही आणि तरीही उघडा असे कोणी सांगितलेले नाही. अनेक वर्षे लिनक्सवरून विंडोजच्या एनटीएफएस या फाइल प्रणालीच्या डिस्कवर लिहिण्याचे काम एनटीएफएस-३जी हा प्रोग्राम करीत असे आणि तो अशा अर्धवट सोडलेल्या डिस्कही बहुधा चालवून घेई. २०२१ मध्ये ५.१५ कर्नलमध्ये एनटीएफएस३ हा नवा ड्रायव्हर आला. तो 'डर्टी' खूण दिसली की माउंट करायलाच नकार देतो. कालपर्यंत चालणारी डिस्क अपडेटनंतर अडते ती पुष्कळदा यामुळेच, आणि माझ्या मते ड्रायव्हरचा हा हट्ट रास्त आहे. लिनक्सवरची एनटीएफएसफिक्स ही आज्ञा '-डी' हा पर्याय दिल्यास ही खूण पुसते, पण ती काही संपूर्ण तपासणी नव्हे. मी डिस्क पुन्हा विंडोजला लावून त्याचा डिस्क तपासणारा चेकडिस्क हा प्रोग्राम चालवला आणि या वेळी इजेक्टचे बटण स्वतः दाबले.