जैवरूपांतरण

जैवरूपांतरण : जिवाणू, यीस्ट, बुरशी यांसारखे सूक्ष्मजीव किंवा त्यांच्यापासून वेगळी काढलेली एंझाइमे (विकरे) वापरून एका संयुगापासून दुसरे, अधिक उपयोगी संयुग मिळवण्याची पद्धत. स्वादद्रव्ये, औषधे, सेंद्रिय आम्ले, जैवबहुवारिके (जैविक पॉलिमर) अशी कितीतरी संयुगे या मार्गाने तयार होतात. साध्या किण्वनात (आंबवण्यात) सूक्ष्मजीव साखरेवर वाढतो आणि त्याच्या चयापचयातून जे निघेल ते आपण घेतो. जैवरूपांतरणात ठरावीक संयुग त्याच्यापुढे ठेवून त्यात एकदोन नेमके बदल करून घेतात. पुस्तकात ही सीमारेषा स्पष्ट दिसते, मडक्यात ती तितकी राहत नाही.

कोकण किनाऱ्यावरची माडी पाहिली की हे कळते. माडाच्या न उमललेल्या पोयीला छेद देऊन जमवलेला रस ताजा असताना गोड व जवळजवळ उदासीन असतो, हीच नीरा. तिच्यात मुख्यतः सुक्रोज असते. यीस्टमधील इन्व्हर्टेज हे एंझाइम सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करते, त्यांचे पुढे इथेनॉल होते आणि लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू रसाला आंबटपणा आणतात. हे सारे झाडावरच सुरू होते, म्हणून नीरा गोड ठेवायची तर मडक्याला आतून चुना फासतात. अल्कधर्मी रसात सूक्ष्मजीवांची वाढ मंदावते. माडी तशीच ठेवली तर ॲसिटोबॅक्टर गटातील जिवाणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने अल्कोहोलचे आधी ॲसिटाल्डिहाइड व मग ॲसिटिक आम्ल करतात. गोव्याच्या स्वयंपाकातला माडाचा शिर्का तो हाच. अल्कोहोल पुढ्यात आले, त्याचे ऑक्सिडीकरण झाले, आम्ल बाहेर पडले : काटेकोर अर्थाने जैवरूपांतरण म्हणावे ते या टप्प्याला. भांडे हवाबंद केले तर शिर्का होत नाही, तो यामुळेच.

सूक्ष्मजीव जिवंत असलाच पाहिजे असे नाही. एडुआर्ट बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्ट चिरडून काढलेल्या पेशीविरहित रसानेही साखर आंबते हे दाखवले. १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. औषधनिर्मितीला खरी कलाटणी मिळाली ती १९५२ मध्ये. गुरांच्या पित्तातील आम्लापासून कॉर्टिसोन हे दाह कमी करणारे औषध बनवायला तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या लागत. ऱ्हायझोपस या बुरशीने प्रोजेस्टेरॉन या कॉर्टिसोनसारखीच रचना असलेल्या संप्रेरकाच्या अकराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसवून त्यांतला सर्वांत अवघड भाग एका पायरीत उरकला. एंझाइमांची ताकद या नेमकेपणात आहे. अनेक सारख्या जागांतून ती एकच निवडतात.

स्वादद्रव्यांत व्हॅनिलिनचे उदाहरण ठळक आहे. भाताच्या कोंड्यातून मिळणाऱ्या फेरुलिक आम्लापासून ॲमायकोलॅटॉप्सिस व स्ट्रेप्टोमायसीज या जिवाणूंचे काही वाण व्हॅनिलिन तयार करतात. युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार नैसर्गिक कच्च्या मालापासून सूक्ष्मजीव किंवा एंझाइमांच्या साहाय्याने बनवलेल्या स्वादद्रव्यालाही ‘नैसर्गिक’ म्हणता येते, त्यामुळे त्याला कृत्रिम व्हॅनिलिनपेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. भात हे कोकणाचे मुख्य पीक. तिथला कोंडा बहुधा गुरांपुढे जातो.

कोकणासाठी याहून जवळचा विषय कोळंबीच्या टरफलांचा आहे. मिरकरवाडा, हर्णे, मालवण या बंदरांवर येणारी कोळंबी सोलून झाली की डोकी आणि टरफले उरतात. त्यांत कायटिन (टरफलाचा सांगाडा बनवणारे बहुवारिक), प्रथिने आणि कॅल्शियम कार्बोनेट एकमेकांत गुंतलेले असते. नेहमीच्या पद्धतीत हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना, म्हणजे हे कॅल्शियम कार्बोनेट, विरघळवतात आणि कॉस्टिक सोड्याने प्रथिने काढतात. मागे खारट, दुर्गंधीयुक्त सांडपाणी राहते. जैविक पद्धतीत टरफलांत थोडी साखर घालून लॅक्टोबॅसिलस जिवाणू सोडतात. तयार होणारे लॅक्टिक आम्ल चुना विरघळवते, प्रोटिएज एंझाइमे प्रथिने तोडतात आणि कायटिन मागे राहते. त्यापासून कायटिनेजच्या साहाय्याने एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन ही त्याची घटक-शर्करा, तर डीॲसिटिलेजच्या साहाय्याने कायटोसान हे त्याचे बदललेले रूप मिळते. काम मात्र सावकाश चालते आणि शुद्धता रासायनिक पद्धतीइतकी सहज येत नाही.

काजूच्या बोंडाची गोष्ट वेगळी. बी काढून घेतल्यावर बागेत कुजणाऱ्या बोंडांत साखर व क जीवनसत्त्व भरपूर असते, पण टॅनिनांमुळे रस घशाला धरतो. ॲस्परजिलस बुरशीपासून मिळणारे टॅनेज हे एंझाइम टॅनिनांचे जलविच्छेदन करून हा तुरटपणा कमी करते. यात सुटणारे गॅलिक आम्ल औषधनिर्मितीत उपयोगी पडते.

या पद्धतीला सरसकट ‘पर्यावरणस्नेही’ म्हणण्याची घाई करू नये. आम्ल-अल्कलींचा वापर घटतो हे खरे, पण उरलेल्या किण्वन-द्रवात सेंद्रिय द्रव्य भरपूर असते. तो खाडीत तसाच सोडला तर पाण्यातला ऑक्सिजन कमी होऊन मासे मरतात. दुसरी अडचण सूक्ष्मजीवांचीच : व्हॅनिलिन विशिष्ट प्रमाणापलीकडे साठले की ते बनवणाऱ्या पेशींनाच बाधते, म्हणून ते रेझिनवर (शोषक राळेच्या कणांवर) शोषून सतत काढत राहावे लागते. कोकणात तिसरी अडचण हवेची आणि हंगामाची आहे. दमट उष्म्यात टरफले काही तासांत नासू लागतात, बोंडेही फार टिकत नाहीत. आणि पावसाळी मासेमारीबंदीत ताज्या टरफलांचा पुरवठा आटतो. त्यामुळे लॅक्टिक आंबवणी बंदराजवळच करून माल आधी टिकवणे आणि शुद्धीकरण पुढे सवडीने करणे अधिक व्यवहार्य ठरते.