लॅटिन सामाजिक नृत्य, सोलापुरातील

साल्सा, बचाता, मेरेंगे, चाचाचा ही कॅरिबियन बेटांवर व न्यूयॉर्कच्या लॅटिन वस्त्यांत घडलेली जोडीची नृत्ये, त्यांचे वर्ग आणि ‘सोशल’ म्हणून ओळखली जाणारी नृत्यसंध्या यांचा सोलापूर शहरातील व्यवहार. आधी न बसवलेले नृत्य, बहुतेकदा अनोळखी जोडीदाराबरोबर, गाणे सुरू झाल्यावर जागच्या जागी रचणे हे या नृत्यांचे मर्म. स्पर्धात्मक बॉलरूममधील ‘लॅटिन’ गट (सांबा, चाचाचा, रुंबा, पासो दोब्ले, जाइव्ह) याहून वेगळा. त्याचे नियम इंग्लंडमध्ये ठरले आणि त्यातला जाइव्ह तर उत्तर अमेरिकी स्विंगचा वंशज आहे. वर्गाच्या पाटीवर दोन्ही प्रकार एकाच ओळीत लिहिलेले आढळतात, म्हणून हा खुलासा.

उगम : साल्साच्या मुळाशी क्यूबाचा ‘सोन’ हा संगीत-नृत्यप्रकार आहे, याबद्दल अभ्यासकांत फारसे दुमत नाही, दुमत आहे ते सोनच्या वयाबद्दल. ‘मा तेओदोरा’ हे गीत सोळाव्या शतकातील मानून सोनचा काळ तितका मागे नेण्याचा प्रघात बराच काळ होता. या समजाचा आधार म्हणजे सांतियागो दे कूबा येथील संगीतकार लाउरेआनो फुएन्तेस मातोन्स यांचे १८९३ मधील लेखन. त्यामागे जुना पुरावा उभा राहत नाही, असे आल्बेर्तो मुगेर्सिया यांनी १९७१ मध्ये प्रतिपादन केले. तेव्हापासून सोन पूर्व क्यूबात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आला, हे मत अधिक ग्राह्य ठरले आहे. १९०९ च्या सुमारास बदली झालेल्या सैनिकांनी तो हवानाला नेला, ही कथाही जपूनच घ्यावी. पूर्वेकडची माणसे त्याआधीही राजधानीत ये-जा करत होतीच.

दुसरा वाद साल्सा क्यूबाची की न्यूयॉर्कची, हा. क्यूबन पक्षाच्या मते ती नव्या वेष्टनातला सोनच. न्यूयॉर्कचा पक्ष १९४० च्या दशकाच्या अखेरीस ब्रॉडवेवरील पॅलेडियम बॉलरूममध्ये रंगलेल्या मॅम्बो या क्यूबन वळणाच्या नृत्यसंगीताकडे आणि माचितो, तितो पुएन्ते व तितो रोद्रिगेस यांच्या वाद्यवृंदांकडे बोट दाखवतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेने क्यूबावर व्यापारबंदी लादली, हवानाहून येणारा ओघ आटला आणि पोर्तो रिकोच्या स्थलांतरितांनी ती जागा भरून काढली. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या, साल्साच्या तबकड्या काढणाऱ्या फानिया रेकॉर्ड्स या कंपनीचे संस्थापक जॉनी पाचेको हे डोमिनिकन बासरीवादक, तर जेरी मासुची हे इटालियन वंशाचे वकील. दोघांपैकी एकही क्यूबन नव्हता. पॅलेडियम १९६६ मध्ये बंद पडले. संगीतापुरता क्यूबन पक्ष सबळ दिसतो. नृत्याचे मात्र तसे नाही. एका रेषेत पुढे-मागे जाणारी, आज भारतात सर्रास शिकवली जाणारी साल्सा अमेरिकेतील शहरांत घडली. क्यूबाचे स्वतःचे नृत्य ‘कासिनो’ हे १९५० च्या दशकात हवानाच्या क्लबांत रुजले आणि ते जोडीदाराभोवती गोल फिरते.

ताल : साल्सा आठ मोजांची. पावले १-२-३ आणि ५-६-७ वर पडतात; ४ आणि ८ वर विराम. गाण्याला धरून ठेवतो तो पाच आघातांचा ‘क्लावे’. त्याच्या ३-२ रूपात आघात १, २ नंतरचा अर्धा, ४, ६ आणि ७ येथे येतात. केरव्याच्या आठ मात्रांवर कान तयार झालेल्यास मोजणी जड जात नाही, पण समेसारखे ठाम ठिकाण क्लावेत सापडत नाही. विरामही सोलापुरात अंगवळणी पडायला वेळ लागतो. गणपतीच्या मिरवणुकीत वर्षानुवर्षे लेझीम खेळलेला मुलगा चौथ्या मोजावर हमखास पाय आपटतो आणि शिकवणाऱ्याला ‘चारला थांबायचं की!’ म्हणून दर ओळीला ओरडावे लागते.

दिशा कोणत्या मोजावर बदलायची, यावर दोन संप्रदाय आहेत. ‘ऑन वन’मध्ये नेणारा (जोडीला दिशा देणारा) पहिल्या मोजावर डावे पाऊल पुढे टाकतो, ही पद्धत १९९० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये फोफावली. ‘ऑन टू’मध्ये बदल २ आणि ६ वर होतो. न्यूयॉर्कचे एडी टोरेस यांनी तिला शिकवण्याजोगी शिस्त दिली. त्यांच्या मांडणीत पावले १-२-३, ५-६-७ अशीच राहतात. पॅलेडियमच्या जुन्या नर्तकांशी जोडल्या जाणाऱ्या प्रकारात मात्र ती २-३-४, ६-७-८ अशी पडतात. म्हणजे ‘ऑन टू’ एवढेच सांगितल्याने काही ठरत नाही. काँगा या उभ्या ढोलावरची ठळक थाप दुसऱ्या मोजावर येते, म्हणून ‘ऑन टू’ संगीताला अधिक जवळचे, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. तो मान्य केला तरी नवशिक्याला पहिला मोज आधी ऐकू येतो, हे अनुभवाला धरून आहे.

मोठ्या शहरात हा वाद बव्हंशी शास्त्रार्थाचा असतो, सोलापुरात तो व्यवहाराचा होतो. इथला शिकणारा थोडे वर्गात, थोडे मोबाइलवरच्या व्हिडिओतून, थोडे पुण्यात नोकरीला गेलेल्या मैत्रिणीकडून शिकतो. एकाची बैठक वनची, दुसरीची टूची. दोघे समोरासमोर आले की गुडघ्याला गुडघा लागतो आणि दोष नाचाला दिला जातो.

बचाता : डोमिनिकन प्रजासत्ताकातील हुकूमशहा त्रुहियो याची १९६१ मध्ये हत्या झाली, पुढच्याच वर्षी होसे मानुएल काल्देरोन यांनी केलेले ध्वनिमुद्रण हे सामान्यतः पहिले बचाता मुद्रण मानले जाते. गिटार, बोंगो (छोट्या ढोलांची जोडी) व ग्वीरा (घासून वाजवायचे धातूचे वाद्य) यांच्या साथीवरचे हे विरहगीत तेथील प्रतिष्ठितांनी बरीच वर्षे हलके मानले. २०१९ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले (मेरेंगेला २०१६ मध्येच). तीन पावले आणि चौथ्यावर पायाची टिचकी एवढीच मूळ चाल असल्याने अलीकडे अनेकजण साल्साआधी बचाताच शिकतात. सोशलमध्ये लागणारा किझोंबा हा जोडीनृत्याचा प्रकार आफ्रिकेतील अंगोलाचा, म्हणजे लॅटिन नव्हेच.

महाराष्ट्रातील आगमन : रुंबासारखे ताल मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांमुळे स्वातंत्र्यापूर्वीच येथे परिचित झाले. त्यांत गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा होता. सी. रामचंद्र यांच्यासारख्या मराठी संगीतकाराने बोंगोसारखी वाद्ये हिंदी चित्रपटगीतांत आणली आणि भगवानदादांनी तशा ठेक्यांवर पडदा हलवला. आजचे साल्सावर्ग हे या परंपरेचे सातत्य, असे काहीजण मानतात. पण जोडीचे नृत्य त्या काळी रसिकांपर्यंत पोचले नव्हते. पोचला तो ठेका. मुंबई, पुणे, बंगळूर येथील वर्ग एकविसाव्या शतकाच्या आरंभी, बहुधा स्वतंत्रपणेच, वाढीस लागले.

सोलापुरातील व्यवहार : शहरात साल्सा सहसा स्वतंत्रपणे शिकवली जात नाही. बॉलिवुड, हिप-हॉप, लहान मुलांच्या बॅचेस आणि लग्नातल्या ‘संगीत’ची बसवाबसव करणाऱ्या क्लासमध्ये ती एक विषय म्हणून येते. नवरात्रापूर्वी तोच हॉल दांडियाला जातो, लग्नसराईत शिक्षक मंगल कार्यालयात अडकतो. जिममधल्या झुंबामुळे मेरेंगे व साल्साच्या पावलांची ओळख मात्र पुष्कळांना असते. झुंबा ही कोलंबियाच्या बेतो पेरेस यांची निर्मिती. तीत पाय तयार होतो, जोडीदाराचा हात वाचण्याचा प्रश्नच येत नाही.

वर्गात दर काही मिनिटांनी जोडीदार बदलण्याची रीत आहे आणि अडचण नेमकी तिथे येते. नवरा-बायको किंवा साखरपुडा झालेले जोडपे ‘आमची जोडी बदलू नका’ असे आधीच सांगून ठेवते. मुलींच्या घरच्यांचीही अट बहुधा केवळ महिलांच्या बॅचची असते. परिणामी दोघे एकमेकांच्या सवयी पाठ करतात. ती आधीच वळते, तो इशारा देतच नाही. दोष उघडा पडतो तो तिसऱ्याबरोबर नाचताना, आणि तो तिसरा मिळावा म्हणूनच तर सोशल असतो. मुली मुलींनाच नेतात त्या बॅचमध्ये उलट फायदा असा की दोन्ही बाजू शिकून होतात, पण या फायद्याची कोणी जाहिरात करत नाही.

फरशीचाही विचार करावा लागतो. जुन्या घरांच्या व हॉलच्या शहाबादी फरशीवर रबरी तळाचा बूट धरून बसतो, वळणात शरीर फिरते आणि गुडघा मागे राहतो. गुळगुळीत टाइल्सवर याच्या उलट, घसरण्याची धास्ती. सुएड चामड्याच्या तळाचे नृत्यबूट हा रूढ उपाय. ते परवडत नसतील तर तळ झिजलेला जुना बूट चालतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जात असल्याने बॅचेस सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतरच भरतात.

थोड्या लोकांत चालणारा प्रकार म्हणजे ‘रुएदा दे कासिनो’. जोड्या वर्तुळ करतात, एकजण पुकारतो आणि ‘दामे’ म्हटल्यावर प्रत्येक पुरुष पुढच्या जोडीदाराकडे जातो. चार-सहा जोड्यांवर भागते आणि जोडीदार बदलणे खेळाचाच भाग असल्याने कोणी हरकत घेत नाही. सोलापूरच्या वर्गांना हा प्रकार रेषेतल्या साल्सापेक्षा सोयीचा, तरी तो क्वचितच शिकवला जातो.

नियमित सोशलसाठी पुणे गाठावे लागते, रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटर. तेथील सोशल बहुधा नवशिक्यांच्या तासाभराच्या वर्गाने सुरू होतो आणि खरी गर्दी रात्री नऊनंतर जमते. सोलापूरकरांची नेहमीची हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळीच पुणे सोडते, त्यामुळे ती उपयोगाची नाही. मुंबईहून येणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस मध्यरात्रीनंतर पुण्याला लागते आणि सकाळी सोलापूरला पोचवते. आरक्षण आधी केलेले असेल तर मुक्कामाचा खर्च वाचतो.