पट्टेदार बास आणि कॅलिफोर्नियाचा त्रिभुज प्रदेश : घसरणीची पार्श्वभूमी

सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात गळ टाकणाऱ्या हौशी मासेमारांना ज्या माशाने पिढ्यान्‌पिढ्या वेड लावले, तो पट्टेदार बास मुळात तिथला नव्हेच. 1879 मध्ये न्यू जर्सीहून शंभराहून थोडी अधिक लहान मासळी रेल्वेने आणून मार्टिनेझजवळ सोडण्यात आली, 1882 मध्ये सुमारे तीनशेची भर पडली आणि दहा वर्षांच्या आत हा मासा सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारात विकला जाऊ लागला. 1935 मध्ये त्याची व्यापारी मासेमारी कायद्याने बंद झाली. तेव्हापासून तो फक्त गळवाल्यांचा उरला.

त्याची घसरण समजून घ्यायची तर पाण्याचा उपसा पाहावा लागतो. प्रदेशाच्या दक्षिण टोकाला 1951 मध्ये केंद्र सरकारच्या प्रकल्पाचे ट्रेसी येथील पंप सुरू झाले आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस राज्याचे पंपही त्यांच्या जोडीला आले. हे पाणी सॅन वाकीन खोऱ्यातील शेतीला आणि दक्षिणेकडील शहरांना जाते. उपसा जोरात असला की ओल्ड आणि मिडल हे नदीचे फाटे समुद्राऐवजी पंपांच्या दिशेने, म्हणजे चक्क उलटे वाहतात. बासची अंडी तळाशी चिकटून न राहता प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि दोनेक दिवसांत फुटतात, त्यामुळे पाणी वळले की पिढीच वळते. पंपांपुढे अडसर घालून अडवलेले मासे टाक्यांत गोळा करून टँकरने दूर नेऊन सोडण्याची व्यवस्था आहे खरी, पण अंडी आणि नुकती फुटलेली पिल्ले या अडसरांतून सहज निसटून पंपांत जातात. राज्याचे मत्स्य खाते 1959 पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात पिल्लांचा अंदाज घेत आले आहे. 1976-77 च्या दुष्काळात कोसळलेला हा निर्देशांक नंतर पूर्वीच्या पातळीवर टिकून राहिला नाही.

त्यात 1986 मध्ये सुईसन उपसागरात आशियाई शिंपला आढळला. जहाजांच्या तोल राखण्याच्या पाण्यातून आलेल्या या इवल्या जीवाने पाणी गाळून वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फस्त केले आणि बासच्या पिल्लांचे मुख्य खाद्य असलेली, आपल्याकडच्या जवळ्याइतकी बारीक कोळंबी झपाट्याने घटली. 2000 च्या सुमारास डेल्टा स्मेल्ट आणि थ्रेडफिन शॅड या छोट्या माशांसह बासची पिल्लेही एकदमच कमी झाली. एकाच वेळी इतक्या जाती खालावतात तेव्हा दोष एखाद्या माशाचा असण्यापेक्षा पाण्याचा असण्याची शक्यता अधिक, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

तरीही आरोप बासवरच आला. तो सामन आणि स्मेल्टची पिल्ले खातो, हे खरेच आहे. याच मुद्द्यावर 2008 मध्ये पाणी वापरणाऱ्यांच्या बाजूने राज्याच्या मत्स्य खात्यावर दावा दाखल झाला. 2011 मध्ये तडजोड झाली आणि तिच्यानुसार पकडायच्या बासच्या किमान लांबीची अट 18 इंचांवरून 12 वर आणावी, रोजची मर्यादा दोन माशांवरून सहापर्यंत वाढवावी, असा प्रस्ताव पुढे आला. गळवाल्यांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला आणि फेब्रुवारी 2012 मध्ये राज्याच्या आयोगाने तो फेटाळला. पंप मात्र सुरूच राहिले.