शोडाउन प्रमाण (पोकर)

फ्लॉपची, म्हणजे टेबलावर सर्वांसाठी प्रथम उघडलेली, तीन पाने पाहिलेल्या डावांपैकी किती टक्के डावांत खेळाडू आपली पाने न टाकता शेवटी पत्ते उघडेपर्यंत, म्हणजे शोडाउनपर्यंत टिकला, हे दर्शवणारे प्रमाण. तीन पत्तीत उरलेल्या दोघांपैकी एक जण पैसे भरून शो मागतो. पोकरमध्ये शो मागावा लागत नाही. रिव्हरवरची, म्हणजे शेवटच्या सामाईक पानानंतरची, बेट कॉल झाली (दुसऱ्याने तेवढेच पैसे भरले) किंवा दोघांनीही चेक केले (बेट न लावता पाळी सोडली) की पत्ते उघडतात. त्यामुळे या प्रमाणात निव्वळ धीटपणाच नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याने किती वेळा बेट लावली हेही मिसळलेले असते.

सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेमच्या (बेटेला कमाल मर्यादा नसलेल्या पोकरच्या) टेबलावर साधारण 24 ते 30 टक्के ही मर्यादा योग्य मानण्याची प्रथा आहे. लिमिट प्रकारात हा आकडा बराच चढा राहतो, कारण तेथे बेट ठरावीक आणि पॉट (मध्ये जमलेले पैसे) तुलनेने मोठा असतो. पॉटमध्ये नऊ बेट जमल्या असतील आणि कॉलला एक लागत असेल, तर दहापैकी एकदा जिंकले तरी खर्च भरून निघतो. भाजक नेमका कोणता, हे मात्र तपासावे लागते. हजार डावांत 220 वेळा फ्लॉप पाहून 60 वेळा शोडाउन झाले, तर प्रमाण 27 टक्के येते. भाजक वाटलेल्या सर्व डावांचा धरल्यास तेच 6 टक्के होते.

‘किती वेळा कॉल करावा’ या प्रश्नाची गणिती मांडणी ऑनलाइन खेळाहून बरीच जुनी आहे. तिच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. फ्रेंच गणिती एमिल बोरेल यांनी 1921 पासूनच्या टिपणांत मिश्र डावपेचांचा (ठरावीक संभाव्यतेने चाल बदलण्याचा) विचार मांडला होता, तर खेळ सिद्धांतातील मूलभूत प्रमेयाची सिद्धता जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये दिली. गणिती मोरिस फ्रेशे यांनी 1953 मध्ये बोरेल यांचे अग्रत्व पुढे केले, तेव्हा फॉन नॉयमन यांनी त्याला उत्तर दिले. सिद्धतेचा निकष धरल्यास फॉन नॉयमन यांची बाजू अधिक ग्राह्य वाटते. पोकरच्या कॉलपुरते पाहिल्यास बोरेल यांचे प्रतिमान आजच्या टेबलावरील ठोकताळ्याच्या जास्त जवळ आहे. त्यात पहिला खेळाडू एक तर बेट लावतो किंवा पाने टाकतो. फॉन नॉयमन यांच्या प्रतिमानात बेट न लावल्यास थेट पत्ते उघडतात. फरक किरकोळ दिसतो, पण पॉटएवढ्या बेटेला बोरेल यांच्या हिशेबाने 50 टक्के पानांनी कॉल करावा लागतो, तर फॉन नॉयमन यांच्या हिशेबाने सुमारे 44 टक्के पानांनी. दुसऱ्या प्रतिमानात कमकुवत पानेही चेक करून कधीमधी जिंकतात, त्यामुळे ब्लफ (कमकुवत पानांवरची फसवी बेट) रोखण्यासाठी तेवढ्या कॉलची गरज उरत नाही. पॉट भागिले पॉट अधिक बेट हे ‘किमान बचावाचे’ प्रचलित सूत्र बोरेल यांच्या उत्तराशी जुळते आणि म्हणूनच ते वरची मर्यादा समजणे सयुक्तिक.

गणिती हॅरोल्ड कून यांनी 1950 मध्ये मांडलेल्या तीन पत्त्यांच्या खेळात हे उघड दिसते. गुलाम, राणी व राजा यांपैकी प्रत्येकाला एक पान मिळते, प्रत्येकी एक नाणे पॉटमध्ये पडते आणि बेट एका नाण्याची असते. पहिल्याची बेट आल्यावर दुसऱ्याकडचा राजा नेहमी कॉल करतो, राणी तीनपैकी एकदाच. गुलाम हाती धरून ब्लफ करणाऱ्यासमोर राजा किंवा राणी सारख्याच संभाव्यतेने असल्याने एकूण कॉल दोन तृतीयांश होतात; सूत्रही तेच सांगते. म्हणजे प्रमाण हे एखाद्या पानाचे नसून हातात असू शकणाऱ्या सर्व पानांचे मिळून असते. ‘राणीने कॉल करावा का’ या प्रश्नाला एक ठाम उत्तर नाही.

फ्लॉपपासून रिव्हरपर्यंतच्या तिन्ही टप्प्यांवर अर्ध्या पॉटची बेट आली आणि दर वेळी दोन तृतीयांश पाने राखली, तर शेवटी सुमारे 30 टक्के उरतात. वर दिलेल्या प्रचलित मर्यादेशी हे जुळते. पण हा बहुधा योगायोग असावा, कारण प्रत्यक्षात पुष्कळ डाव मध्येच चेक होतात किंवा संपतात.

व्यवहारात हा आकडा शोडाउनमधील विजयाच्या प्रमाणासह वाचतात. पहिला चढा आणि दुसरा 50 टक्क्यांच्या बराच खाली असेल, तर खेळाडू ‘कॉलिंग स्टेशन’, म्हणजे कमकुवत पानांनीही कॉल करत राहणारा, ठरतो. उलट स्थितीत तो चांगली पानेही टाकत असण्याची शक्यता असते. हजार डावांच्या नोंदीत वरच्या 27 टक्क्यांना सुमारे सहा टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना संभवते, म्हणजे 21 आणि 33 यांत भेद करता येत नाही. दहा हजार डावांनंतर ती दोनवर येते.

आल्बर्टा विद्यापीठातील गटाने दोघांचा लिमिट होल्डेम व्यवहारतः सोडवल्याचे 2015 मध्ये जाहीर केले. स्पर्धांमध्ये बाद होण्याची किंमत वेगळी धरावी लागत असल्याने कॉल कमी होतात. भारतात संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीची तरतूद आहे.