बिनखोगिराचा घोडा

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफोक परगण्यात पॅस्टन नावाचं गाव आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तिथे क्लेमंट पॅस्टन नावाचा शेतकरी राहत होता. उन्हाळा असो की हिवाळा, नांगर तो स्वतः धरायचा. दळण न्यायचं तर घोड्यावर खोगीर नसायचं. पाठीवर धान्य टाकायचं, त्यावर बसून गिरणी गाठायची आणि येताना तसंच पिठावर बसून घरी यायचं. जमीन फार तर शंभर-सव्वाशे एकर, तीही बरीचशी वरच्या जमीनदाराच्या वेठीची. पोराला शाळेत घालण्यासाठी त्याने अनेकदा उसने पैसे घेतले.

सहाशे वर्षांपूर्वीच्या साध्या शेतकऱ्याबद्दल इतकं बारीक तपशीलवार लिहिलेलं सहसा सापडत नाही. पॅस्टन घराण्याच्या एका शत्रूने घराण्याची नाचक्की करण्यासाठी हा कागद लिहिला, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं.

क्लेमंट 1419 मध्ये वारला. ज्याच्या शिक्षणासाठी पैसे उसने घेतले तो मुलगा विल्यम वकील झाला, 1429 मध्ये न्यायाधीश झाला आणि त्याने जमिनीमागून जमिनी घेतल्या. विल्यमचा मुलगा जॉन याने तर सर जॉन फास्टॉल्फ या श्रीमंत सरदाराच्या मृत्यूनंतर, 1459 मध्ये, केस्टरच्या किल्ल्यासह त्याच्या मोठ्या मालमत्तेवर मृत्युपत्राच्या आधारे हक्क सांगितला. तिथून शत्रू वाढले. त्यांच्या हातातलं धारदार हत्यार होतं हाच कुळाचा प्रश्न. क्लेमंटची बायको भूदास, म्हणजे जमिनीला आणि धन्याला बांधलेल्या शेतकऱ्यांच्या कुळातली होती, असं तो कागद म्हणतो. घराणंच भूदासांचं ठरलं असतं, तर त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे त्यांच्या जमिनीवर आणि मालमत्तेवर धनी हक्क सांगू शकला असता. खोगिराचा उल्लेख म्हणूनच साधा नव्हता.

पॅस्टन मंडळींनी उलट वंशावळ सादर केली. आमचा मूळपुरुष फ्रान्सहून आला, आमच्याच पदरी भूदास होते, हे पाहा जुने दस्त. जुलै 1466 मध्ये राजा चौथ्या एडवर्डने ते मान्य करून त्यांना खानदानी ठरवलं. जॉन तेव्हा जिवंत नव्हता, मे महिन्यातच तो लंडनला वारला होता.

आपल्याकडे वतनाच्या तंट्यांत दोन्ही बाजू आपापले करीने, म्हणजे हक्काच्या लेखी हकिगती, घेऊन उभ्या राहायच्या, तसाच हा प्रकार. दोन्ही कागद हेतू ठेवून लिहिलेले आहेत. तरी मला शत्रूचा कागद जास्त विश्वासाचा वाटतो. राजासमोर मांडलेली वंशावळ बनावट होती याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. शत्रूने मात्र तपासता येतील अशी माणसं, गावं आणि एकर दिले आहेत. शिवाय क्लेमंट चांगला शेतकरी होता, विल्यम कायद्यात निष्णात होता, हेही त्याने लिहून ठेवलं आहे.

मग खरं-खोटं करायचं कसं? वंश सिद्ध करण्याचा हेतू ज्यांच्यामागे नव्हता, असे कागद आधी धरायचे. भूदासाची मुलगी लग्न करून गेली की जमीनदार पैसे घ्यायचा, कूळ मेलं की घरातलं उत्तम जनावर न्यायचा, आणि दोन्ही वेळा त्याच्या दरबाराच्या गुंडाळीत नोंद व्हायची. त्यामुळे कुठे कुठे स्वतंत्र शेतकऱ्यापेक्षा भूदासाचीच वंशावळ जास्त नीट सापडते! थेट राजाकडून जमीन धरणारा मेला तर स्थानिक पंच बसवून चौकशी व्हायची: जमीन कोणती, वर्षाचं उत्पन्न किती, मृत्यू कधी, वारस कोण, त्याचं वय काय. मुलगा 21 वर्षांचा झाला हे सिद्ध करायला शेजारी साक्ष देत. कुणी म्हणे तो जन्मला त्या दिवशी माझा पाय मोडला होता, कुणी म्हणे माझ्या घरी पुरण्याचा विधी होता. याच आठवणी वेगवेगळ्या गावांत पुन्हा पुन्हा सापडतात, म्हणून मोडलेल्या पायावर फार भरवसा ठेवू नये.

मला सर्वांत आवडणारा कागद जमिनीच्या तडजोडीचा. एकाच चामडी कागदावर तोच मजकूर तीनदा लिहायचा आणि नागमोडी रेषेवर कापायचा. दोन तुकडे दोन पक्षकारांना, तळचा सरकारी खजिन्यात. खोटा तुकडा आणला तर कापाच्या कडा जुळायच्या नाहीत. तळच्या तुकड्याला ‘पाय’ म्हणत. 1195 पासून 1833 पर्यंतचे हे पाय जपले गेले आहेत, आणि त्यांत जमिनीबरोबर नवरा, बायको, मुलगा, सून यांची नावं येतात.

तारखा मात्र डोकं फिरवतात. वर्ष राजाच्या कारकिर्दीचं, दिवस संताच्या सणाचा. सहावा हेन्री 1 सप्टेंबर 1422 ला गादीवर आला, म्हणून एकाच सालातला ऑगस्ट आणि सप्टेंबर त्याच्या दोन वेगळ्या वर्षांत पडतात. त्यात नवं साल 25 मार्चला सुरू व्हायचं. शके आणि मोडी तारखांशी झटापट केलेल्यांना हे समजेल.

पॅस्टनांचं भाग्य असं की त्यांनी पत्रंही जपली. पत्रं आणि इतर कागद मिळून हजाराच्या आसपास आज उरले आहेत, बरेचसे ब्रिटिश लायब्ररीत. त्यामागे कोर्टकचेरी होती. जॉनची विधवा मार्गारेट मुलाला लिहिते की संकटाच्या काळात तुझ्या वडिलांना जंगम मालमत्तेपेक्षा कागदपत्रं मोलाची वाटत. त्यातही एक फसवी जागा आहे. तिच्या दोन मोठ्या मुलांची नावं जॉनच, बापासारखीच. नुसत्या नावावर गेलात तर तीन माणसांचा एक माणूस होतो, म्हणून हस्ताक्षर, मजकूर, घडीवरचा पत्ता सगळं पडताळावं लागतं. मार्गारेटच्या बाबतीत हस्ताक्षरही कामाचं नाही, कारण ती पत्रं इतरांकडून लिहवून घ्यायची. तिचा एक लेखनिक होता घरचा कारभारी रिचर्ड कॅल.

याच कॅलशी तिच्या मुलीने, मार्जरीने, गुपचूप लग्नाचं वचन देऊन टाकलं. चर्चच्या नियमाप्रमाणे दोघांनी वर्तमानकाळात एकमेकांना स्वीकारल्याचे शब्द उच्चारले की लग्न लागलं. म्हणून 1469 मध्ये नॉर्विचच्या बिशपने तिला बोलावून नेमके शब्द विचारले. तिने ते सांगितले, आणि वर म्हणाली की एवढ्याने पक्कं होत नसेल तर इथून जाण्याआधी आणखी पक्कं करीन. लग्न टिकलं. धाकटा जॉन त्याआधीच म्हणाला होता की माझ्या बहिणीने दुकानदारीण होऊन फ्रॅमलिंगहॅम गावी मेणबत्त्या आणि मोहरी विकावी, याला माझी संमती कधीच मिळणार नाही. हा त्याच क्लेमंटचा पणतू! मार्गारेटने मुलीला घराचं दार बंद केलं.

मार्गारेटने 1482 च्या फेब्रुवारीत मृत्युपत्र केलं. नवऱ्याशेजारी नव्हे, आपल्या पूर्वजांच्या मॉटबी गावच्या चर्चमध्ये मला पुरा, असं त्यात आहे. थडग्याच्या चार कोपऱ्यांत चार ढाली कोरायला सांगितल्या, नवऱ्याच्या घराण्याचं चिन्ह त्यातल्या फक्त एकीवर. पुढे नातवंडांची वाटणी येते, आणि तिथे एक ओळ आहे: माझी मुलगी मार्जरी हिचा मुलगा जॉन कॅल याला, तो 24 वर्षांचा झाल्यावर, 20 पौंड. तो त्याआधी गेला तर ते पैसे विल्यम आणि रिचर्ड या त्याच्या भावांना. जावयाचं नाव त्यात कुठेच नाही, पण तिन्ही मुलांची आहेत.