नून

दिवसाचा मध्य, दुपारचे बारा, या अर्थाचा इंग्रजी शब्द. नाशिककडे तो सुटा क्वचितच ऐकू येतो; शाळा-कचेऱ्यांत 'गुड आफ्टरनून'मधून मात्र रोज येतो.

मूळ लॅटिन 'नोना होरा', म्हणजे नववा तास. रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा भाग करीत. त्यामुळे नववा तास दिवस-रात्र समान असताना आजच्या घड्याळात दुपारी तीनच्या सुमारास संपे. ख्रिस्ती मठांतील त्या वेळच्या प्रार्थनेचे नावही हेच, आणि जुन्या इंग्रजीतील 'नोन' त्याच अर्थाचा. पुढे साधारणतः १२व्या ते १४व्या शतकांच्या दरम्यान शब्द तिनावरून बारावर आला. त्याच्या कारणांविषयी एकमत नाही. काहींच्या मते जेवणाची वेळ अलीकडे सरकली व तिच्यासोबत शब्दही सरकला. दुसऱ्या मतानुसार प्रार्थनाच लवकर होऊ लागली, कारण उपवासाच्या दिवशी ती आटोपल्याशिवाय भिक्षूंना जेवता येत नसे. नोनाची घंटा सातव्या तासाच्या आरंभी, म्हणजे मध्यान्हीच वाजावी, असे इटालियन कवी दांते याने १४व्या शतकाच्या आरंभी लिहिले आहे; त्यामुळे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मराठी 'दुपार'चा प्रवास नेमका उलटा आहे, म्हणून तो येथे नोंदवणे अगत्याचे. दोन प्रहर सरले की दुपार, हा मूळ हिशेब. आता मात्र 'दुपारी चारला ये' असे आपण सहज म्हणतो. इंग्रजी शब्द मागे आला, आपला पुढे पसरला.

घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा एक नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची. नाशिक सुमारे ७३.८° वर. अंशामागे चार मिनिटे धरली, तर येथे सूर्य सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी माथ्याच्या रेषेवर येतो. नोव्हेंबरच्या आरंभी १२.१९च्या, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२.४९च्या सुमारास. रामनवमीला काळाराम मंदिरात बाराच्या ठोक्याला जन्मसोहळा होतो, तेव्हा अंगणात रोवलेल्या काठीची सावली अजून थोडी पश्चिमेकडे झुकलेली असते; ती नेमकी उत्तरेला यायला अर्ध्या तासाहून अधिक अवकाश असतो. मे व जुलैच्या उत्तरार्धांत एकेक दिवस ही सावली मध्यान्ही पायाशीच नाहीशी होते. जुलैमध्ये ढगांमुळे ते क्वचितच दिसते.